पीएचची साडेसाती

तुम्हाला म्हणून सांगतो, आकड्यांवर माझा जितका विश्वास, तितका माणसांवर कधीच नव्हता. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले असं घरात मोठ्या अभिमानानं सांगतात, पण त्यांच्या हातात तलवार नव्हती, बोरू होता. फौज लढायची आणि आमची मंडळी मागे तंबूत बसून घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहायची. तोच वारसा मी पुढे चालवला. नोकरीत हिशेबतपासनीस होतो, दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईनं खुणा करायचो, आणि एकदा मार्चअखेर सदतीस पैशांच्या फरकासाठी अख्खी कचेरी रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवली, सगळ्यांच्या बायकांचे फोन येऊन गेले, शिपायानं दोनदा दिवे घालवून पाहिले, आणि शेवटी तो फरक सापडला. माझ्याच बेरजेत.

निवृत्त झाल्यावर तपासायला वह्या राहिल्या नाहीत. घरखर्चाची वही बायकोकडे असते आणि ती तपासायला मागण्याइतकं धैर्य आमच्या घराण्यात कुणी दाखवल्याची नोंद नाही. तेव्हा मी कुंड्यांकडे वळलो.

उज्जैनला फ्रीगंजात, टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर आमची गच्ची आहे. गच्चीखाली घरही आहे, पण हल्ली तिथे मी जेवण्या-झोपण्यापुरताच असतो. गच्चीवर कढीपत्ता, जास्वंद, मोगरा वगैरे मंडळी माझ्या देखभालीला न जुमानता बरी वाढत होती. तेवढ्यावर समाधान मानावं की नाही? पण माझ्या आजोळी, कोकणात, अंगणात अनंताचं झाड होतं आणि त्याचा वास मला या वयात अचानक आठवायला लागला. म्हणून एका नर्सरीतून अनंताचं रोप आणलं. आता कोकणातली माती जांभ्याची, लाल, आम्लधर्मी, वर धो धो पाऊस. आणि आमची माळव्याची माती काळी, चुनखडीची, अल्कधर्मी, पाणी इतकं जड की पातेल्यात दोनदा उकळलं की तळाला पांढरा थर धरतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि सुचणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच काही महिन्यांचं अंतर असतं.

अनंतानं येताना आणलेल्या कळ्या आल्या आल्याच गाळून टाकल्या. मग पानं पिवळी पडायला लागली, आणि तीही विचित्र तऱ्हेनं: शिरा हिरव्यागार आणि मधला सगळा भाग पिवळा, जणू पानावर कुणी नकाशा काढून नद्या तेवढ्या रंगवायच्या ठेवल्यात.

हा विषय मी आमच्या बैठकीत मांडला. संध्याकाळी टावरभोवती खाण्याच्या गाड्या लागतात, पोहे, साबुदाण्याची खिचडी, चाट, पाणीपुरी. त्या दरवळात आम्ही निवृत्त मंडळी डॉक्टरांनी वर्ज्य केलेल्या पदार्थांकडे बघत देशाचे प्रश्न सोडवत असतो. अनंताचा प्रश्न तिथे चटकन सुटला. एक म्हणाले चहाचा चोथा घाला, दुसरे म्हणाले ताक, तिसऱ्यांनी गंजके खिळे पुरायला सांगितलं, चौथे तुरटीवर अडून बसले आणि पाचव्यांनी रोप शनिवारी आणलं होतं का एवढंच विचारून अर्थपूर्ण मान हलवली. मी कुणालाच दुखावलं नाही. सगळं केलं. कुंडीला चहाचा आंबूस वास यायला लागला, शेजारचं मांजर रोज ताक हुंगायला येऊ लागलं, आणि खिळे पुरताना त्यातला एक माझ्याच अंगठ्यात शिरून मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. झाडाला काहीच झालं नाही.

शेवटी शेजारच्या मॅडम देवासारख्या धावून आल्या. या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. आमच्या गल्लीत त्यांचे यजमानसुद्धा त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी एक पान उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "याला लोह मिळत नाहीये. मातीत असेल हो भरपूर, पण पाणी-माती अल्कधर्मी असली की लोह विरघळत नाही, आणि न विरघळलेलं मुळांना घेता येत नाही. खिळे पुरून काय होणार? अनंताला पीएच पाच ते सहाच्या आसपास लागतो. तुम्ही घालता त्या पाण्याचा किती आहे, मोजलात?"

पिण्याच्या पाण्याला आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साडेसहा ते साडेआठ चालतो, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे जे पाणी पिऊन मी टुणटुणीत होतो, ते अनंताला मानवेलच असं नाही. पण मी पुढचं ऐकतच नव्हतो. माझ्या कानात फक्त 'मोजलात?' हा शब्द घुमत होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला माझं काम दिलं होतं.

सुरुवात स्वस्तात केली. प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून कागदी पट्ट्यांचं पुस्तक आणलं. पट्टी पाण्यात बुडवायची, रंग बदलतो, तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या रंगांशी जुळवायचा आणि आकडा वाचायचा. इतकं सोपं. अडचण एकच: मला रंग तीनच कळतात, पांढरा, काळा आणि लाल शाई. त्यात मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. एका डोळ्यानं पट्टी निळसर दिसे, दुसऱ्यानं पिवळट. मी हिला हाक मारली.

"अहो, हा हिरवा नाही, शेवाळी आहे," ही म्हणाली.

"शेवाळी म्हणजे सात का आठ?"

"आकडे मला विचारू नका. पण शेवाळी म्हणावा तर जरा मोरपंखीकडे झुकलाय. आणि हा पुस्तकावरचा आठचा रंग म्हणताय ना, हा तर सरळ चिंतामणी. थांबा, दाखवते." असं म्हणून तिनं कपाट उघडलं, एकेक साडी बाहेर काढली, पट्टी प्रत्येकीच्या काठाला लावून पाहिली, मग कुठली कुणाच्या लग्नातली आणि त्या लग्नात तिच्या माहेरच्यांना कसं पहिल्या पंगतीला बसवलं नाही हे सगळं ओघानं आलं, तोवर पट्टी वाळली आणि तिचा रंग आणखीनच निराळा झाला. पैठणीचा पीएच साडेआठ निघाला. पाण्याचा तेवढा राहिला.

मग दोन दांड्यांचा, काट्याचा मीटर आणला. त्याला सेलसुद्धा लागत नाही, हे मला फार आवडलं. मातीत खुपसला, काटा सातवर. बादलीत बुडवला, सात. लिंबात खुपसला, सात. शेवटी वैतागून नुसता टेबलावर ठेवला. सात. मॅडमनी नंतर सांगितलं की या दांड्या दोन वेगवेगळ्या धातूंच्या असतात, ओल्या मातीत त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि काटा त्यावर हलतो. त्यात ओल किती, क्षार किती, सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे पाण्याचा पीएच कळायला त्याचा उपयोग शून्य. मला तो प्रवाहसुद्धा निर्माण करता आला नव्हता.

माझी ही दैना फोनवर ऐकून पुण्याच्या लेकीनं डिजिटल पेन पाठवलं. पिवळं, खिशात मावणारं, खाली काचेचा इवलासा फुगा, वर आकड्यांची खिडकी. आकडे दशांशात! मी किती सुखावलो ते फक्त माझ्या पेशाच्या माणसालाच कळेल. डब्यात एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर होता, मुंग्यांनी वाचावं अशा अक्षरांतलं एक माहितीपत्रक होतं आणि दोन चंदेरी पुड्या होत्या. नव्या चपलांच्या खोक्यात असतात ना, ओल शोषणाऱ्या, खाऊ नका म्हणून लिहिलेल्या, त्याच या समजून मी त्या माझ्या कानातल्या यंत्राच्या सेलच्या डबीत टाकल्या. सेल कोरडे राहतील. वस्तू वाया घालवणं आमच्या रक्तात नाही.

पेन आधी नळाच्या पाण्यात बुडवलं. 8.2. मग आरओच्या पाण्यात. 6.4. थोड्या वेळानं 6.1, मग 6.3, मग पुन्हा 5.9. एक काही ठरेना. मला शाळेतलं पक्कं आठवत होतं की शुद्ध पाण्याचा पीएच सात. आरओ इतके पैसे देऊन बसवलेला, दर वर्षी त्याच्या सर्व्हिसिंगचे वेगळे; त्याचं पाणी शुद्ध नसेल तर कुणाचं? म्हणजे चूक पेनची. पाठीमागे एक बारीक स्क्रू दिसला. मी आरओच्या पाण्यात पेन धरून तो स्क्रू हलके हलके फिरवत बरोबर 7.0 वर आणला. मग नळाचं पाणी पुन्हा मोजलं. 9 च्याही वर. शंकाच नको, रोगाचं मूळ सापडलं.

तेव्हापासून माझे सुवर्णदिन सुरू झाले. जाड पुठ्ठ्याची वही घातली, रकाने आखले: दिनांक, वेळ, पाण्याचा प्रकार, पीएच, शेरा. नळाचं पाणी, बोअरिंगचं पाणी, वरच्या टाकीचं, शेजाऱ्यांच्या टाकीचं, रामघाटावरून आणलेलं क्षिप्रेचं. गल्लीतल्या बायका बाटल्या घेऊन दारात यायला लागल्या. एकीनं सुनेनं केलेलं कोकम सरबत मोजून मागितलं. आकडा ऐकून ती सासू ज्या समाधानानं परत गेली, त्याचा शेरा मी वहीत लिहिला नाही.

पेन मी शर्टाच्या खिशात घालूनच हिंडू लागलो. त्यामुळे व्हायचं ते टावर चौकात झालं. बैठकीत मंडळींना यंत्राची थोरवी सांगत होतो, ती काही कुणाला पटेना, म्हणून प्रात्यक्षिकासाठी आम्ही सगळे पाणीपुरीच्या गाडीपाशी गेलो. भैयानं द्रोणात पाणी दिलं. मी खिशातून पेन काढून टोपण उघडलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्यात बुडवलं. भैयाचा हात मडक्यातच थांबला.

"बाबूजी, पानी को बुखार है क्या?"

गाडीभोवती हशा पिकला. आकडा मात्र चारच्या आसपास आला, चिंच आणि आमचूर दोन्ही मुबलक असल्याचा तो सज्जड पुरावा होता, आणि मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. भैया म्हणाला, "वो तो जबान भी बता देती है. तीखी दूँ या मीठी?" मंडळींनी माझ्याच पैशांनी सगळ्या चवी करून पाहिल्या.

घरी येऊन पाहतो तो पेनाच्या काचेच्या फुग्यावर तेलाचा तवंग, वर पुदिन्याचा एक कण. पंचानं खसखसून पुसलं. मग जास्तच स्वच्छ राहावं म्हणून टोपणात आरओचं पाणी भरून फुगा त्यात बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून आकडा दिसायलाच वेळ लागू लागला. नळ असो, बोअरिंग असो की क्षिप्रा, पेन आधी बराच वेळ विचार करी आणि मग सगळ्यांना थोड्याफार फरकानं एकच आकडा देई. वहीत मी शेरा लिहिला: शहराचं पाणी स्थिरावलं आहे.

आता उपाय. पाणी अल्कधर्मी, तर त्यात आंबट घालायचं. हिनं वर्षाच्या लोणच्यासाठी आणलेली लिंबं ओट्यावर होती. बादलीत लिंबू पिळत गेलो, ढवळत गेलो, पेन सहावर येईपर्यंत थांबलो नाही. ते पाणी अनंताला घातलं. उरलेली अर्धी बादली झाकून ठेवली. सकाळी मोजतो तो आकडा पुन्हा वर चढलेला! रात्रीत बादलीत कोण काय घालून गेलं? संशय आधी कामवालीवर, मग गच्चीवर येणाऱ्या लंगूरांवर, आणि एका दुबळ्या क्षणी बायकोवर गेला. मी पुन्हा लिंबं पिळली. लिंबं संपली तेव्हा लिंबूसत्त्व आणलं. हिनं लोणच्याची बरणी उलटी करून ओट्यावर ठेवली आणि माझ्याशी बोलणं जरुरीपुरतं केलं. अनंतानंही तेच धोरण स्वीकारलं. आधी नुसता पिवळा होता, आता कडेनं करपायला लागला आणि एका सकाळी जरा जोराचा वारा आला तर निम्मी पानं गच्चीभर.

मॅडमना पुन्हा बोलावलं. मी वही पुढे केली. त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "पेन बफरनं जुळवलंत का?"

"कशानं?"

"दोन पुड्या आल्या असतील बघा, 6.86 आणि 4.01 लिहिलेल्या."

हिनं न बोलता सेलची डबी आणून टेबलावर ठेवली.

मग मॅडमचा तास झाला, आणि तो मी खाली मान घालून ऐकला. पीएच हे माप 1909 साली कोपनहेगनला सोरेन्सन नावाच्या रसायनतज्ज्ञानं काढलं, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत, म्हणजे चक्क बिअरवाल्यांच्या. त्याची पायरी दहापटीची असते: सहापेक्षा पाच एकानं कमी नव्हे, दहापट आंबट. "आता तुम्ही आरओच्या पाण्यावर पेन लावलंत," त्या म्हणाल्या. "त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे पेनाला धरायला काही मिळत नाही आणि आकडा भरकटतो. शिवाय उघड्यावर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि जरासं आम्लधर्मीच होतं. सहाच्या आसपास दाखवत होतं ते फारसं खोटं नव्हतं. तुम्ही त्याला बळजबरीनं सात म्हणायला लावलंत. आपण भाजीवाल्याच्या तराजूचा पासंग बघितल्याशिवाय वजन मानतो का? बफर म्हणजे पासंग बघायचं वजन. त्याचा पीएच आधी ठाऊक असतो."

तुम्हीच सांगा, नोकरीत कुणी असं केलं असतं तर मी काय केलं असतं? रोकड जुळत नाही म्हणून रोजकीर्दच खोडून जुळवली! निलंबनाची शिफारस मी स्वतः लिहिली असती, लाल शाईनं.

पुड्या फोडल्या. एकेक पुडी 250 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची असते. मी नेहमीच्या उत्साहानं पाणी उकळून आणलं, लवकर विरघळेल म्हणून. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, बफरवरचा आकडा 25 अंश तापमानाचा असतो. गार होऊ द्या आता." मे महिन्यातलं उज्जैन, 25 अंश म्हणजे फ्रिजची मदत आली. ते निवेपर्यंत त्यांनी विचारलं, "वेधशाळेत कधी गेलाहात का हो?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला लगेच कळलं, कारण ती गोष्ट आमच्या नातवानं गल्लीभर केलेली आहे. क्षिप्रेच्या काठची आमची वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात बांधलेली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी केली आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या ज्योतिर्विदानं तिचा कारभार पाहिला. तिथल्या सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली खालच्या कमानीवर पडते आणि वेळ सांगते. नातवाला घेऊन गेलो होतो तेव्हा मी सावली वाचली, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आजूबाजूच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की यंत्र जुनं झालंय, जवळजवळ अर्धा तास मागे पडतंय. नातू शेजारच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होता. "आजोबा, ही उज्जैनची वेळ आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं. उज्जैन पावणेशहात्तरवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सत्तावीस मिनिटं त्यानंच मिळवायची, आणि वर महिन्याप्रमाणे थोडी कमी-जास्त. तक्त्यात दिलंय." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र तीनशे वर्षं बरोबर होतं. तक्ता न वाचणारा मी पहिलाच नसेन, एवढंच मी स्वतःला समजावलं.

बफर निवला. मॅडमनी आधी फुगा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घालून हलकेच विसळला, साध्या पाण्यानं धुतला, कागदी रुमालानं नुसता टिपला. पुसला नाही, कारण चोळलं की काचेवर ओरखडे येतात आणि आकडाही काही काळ बहकतो. कोरडा किंवा डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचा नसतो, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओला ठेवायचा असतो, हेही तेव्हाच कळलं. मी त्याला आरओच्या पाण्यात आंघोळ घालून ठेवत होतो. मग पेन 6.86 च्या बफरमध्ये बुडवलं, आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली. खिडकीत उमटलं: 7.9.

एक पूर्ण पायरी. म्हणजे मी ज्याला सहा समजत होतो ते पाच होतं, आणि अनंताला मी ठरवल्यापेक्षा दहापट आंबट पाणी पाजत होतो. मॅडमनी स्क्रू फिरवून ते जुळवलं, 4.01 मध्येही ताडून पाहिलं. मग नळाचं पाणी मोजलं. 7.8.

"हे काही इतकं वाईट नाही," मॅडम जरा विचारात पडल्या. "एवढ्यानं झाडाची अशी अवस्था व्हायला नको. अनंताला हेच घालता ना?"

"छे छे," मी अभिमानानं म्हणालो. "नळाचं पाणी कसं घालीन? पाण्याचं मोल मला आहे. आरओतून वाया जाणारं पाणी असतं ना, त्या नळीखाली मी बादली लावून ठेवतो. थेंब वाया जात नाही."

ही खुर्चीत बसली. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी बादलीत पेन बुडवलं, आकडा नळापेक्षा वर गेला. कुंडीच्या कडेचा पांढरा थर नखानं खरवडून मला दाखवला. आरओ पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, ते एका बाजूला सारतो. जे पेल्यात येत नाही ते सगळं त्या बादलीत जमतं. उज्जैनचं जड पाणी मी आटवून, घट्ट करून, वर लिंबू पिळून अनंताला पाजत होतो. वही पुन्हा उघडून पाहिली. नळ होता, बोअरिंग होतं, क्षिप्रा होती, कोकम सरबत होतं. ज्या बादलीतून झाडाला पाणी घालत होतो तिची, लिंबू पिळण्याआधीची, एकही नोंद नव्हती. तपासणी मी चोख केली होती. दुसऱ्याच खात्याची.

लिंबाचं कोडंही तेव्हाच सुटलं. जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. आंबट घातलं की ते आम्ल गिळून टाकतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो रात्रीतून उडून गेला की आकडा पुन्हा वर येतो. कामवाली, लंगूर आणि बायको तिघंही निर्दोष सुटले. यांपैकी दोघांची मी माफी मागितली. लंगूर भेटले नाहीत.

पुढचं थोडक्यात. आरओची बादली आता फरशी पुसायला जाते. जूनमध्ये पाऊस लागला, गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप लावलं. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य आणि पीएच साडेपाचच्या आसपास, म्हणजे अनंताला हवं तेच. मॅडमच्या सांगण्यावरून कृषी दुकानातून मुळांना घेता येईल असं चिलेटेड लोह आणून बेतानं घातलं. नवी पानं हिरवी आली. बैठकीत चहाच्या चोथ्यापासून तुरटीपर्यंत सगळ्या उपायांनी आपापलं श्रेय घेतलं; शनिवारवाले म्हणाले, साडेसाती संपली.

तुमच्याही घरी कुणाला कुंड्यांचा नाद असेल, म्हणून जाता जाता सांगतो. पेन जरूर घ्या, पण त्याआधी बफरच्या पुड्या घ्या आणि मोजण्यापूर्वी पेन त्यात ताडून बघा. आरओच्या पाण्यावर ते कधीही लावू नका. फुगा विसळा, टिपा, ओला ठेवा, आणि आकडा थांबेपर्यंत धीर धरा. सगळ्यात महत्त्वाचं, झाडाला जे पाणी घालता तेच मोजा. बाकी लिंबं लोणच्यालाच ठेवा. आमच्याकडे यंदा विकतचं आणावं लागलं.